हिवाळी परसबाग आणि पावसाळ्याची बेगमी : पेरणीपासून बरणीपर्यंत

दसरा उरकला, परतीचा पाऊस थांबला की परसातली माती वापशावर येते. वर्षभरात घरच्या भाजीसाठी याच्याइतकी सोयीची वेळ दुसरी नाही. पाऊस नाही, ऊन सोसवेल इतकं, विहिरीला पाणी आहे आणि कीडही कमी. चार वाफे जरी नीट केले तरी चौघांच्या घराला फेब्रुवारीपर्यंत पालेभाजी पुरते आणि थोडंफार साठवायलाही उरतं.

थंड देशांत लोक हिवाळ्यासाठी साठवण करतात. आपल्याकडे भाजी हिवाळ्यात पिकते आणि साठवण लागते ती पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर खानापूर-चंदगड पट्ट्यात कित्येक दिवस ऊन दिसत नाही, पालेभाजी कुजते, बाजारात भाव चढतात. म्हणून आपली आई-आजी उन्हाळा संपण्याआधी मिरच्या, सांडगे, चिंच, कांदे भरून ठेवायची. गोव्यात या साठवणीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजमधून आला. पाऊस तोंडावर आला की मडगावला ‘पुरुमेंताचें फेस्त’ भरतं आणि लोक सुक्या मिरच्या, सोलं, कांदे, सुकी मासळी घेऊन घरी जातात.

बाग कशी लावायची, पीक कसं टिकवायचं आणि कुठली चूक अंगाशी येते, हे एका जागी असावं म्हणून ही माहिती.

वाफा आणि माती

दिवसातून किमान पाच-सहा तास ऊन लागेल अशी जागा निवडा. बेळगाव-गोव्याच्या तांबड्या मातीतून पाणी लवकर निघून जातं, तिथं शेणखत जास्त घाला आणि पाणी थोडं थोडं पण वारंवार द्या. इंदूर, वडोदरा भागातल्या काळ्या मातीत पाणी साचतं, तिथं गादीवाफे उंच करा. खत पूर्ण कुजलेलंच हवं. ताजं शेण घातलं की हुमणी आणि वाळवी येते.

परसदार नसेल तर गच्चीवर कुंड्या चालतात. मेथी-कोथिंबिरीला वीतभर खोल माती पुरे, टोमॅटो-वांग्याला मात्र हातभर खोल डबा लागतो. तळाला भोक पाडायला विसरू नका.

काय कधी लावायचं

- मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर : ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरा. एकदम पेरलं की एकदमच काढायला येतं. मेथी २५ ते ३० दिवसांत, पालक महिन्याभरात, मुळा ४० ते ५० दिवसांत तयार. धणे हलक्या हाताने रगडून दोन डाळ्या वेगळ्या करा आणि रात्रभर भिजवून पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून चौथ्या दिवशी वाफा उकरून बघू नका.
- गाजर, बीट : रोप लावून जमत नाही, जागेवरच बी टाका. माती भुसभुशीत नसेल तर गाजराला फाटे फुटतात. तीन महिने धरा.
- कोबी, फ्लॉवर, नवलकोल, टोमॅटो, वांगी, मिरची : आधी रोप करा, चार-पाच आठवड्यांनी लावा. फ्लॉवरच्या दोन रोपांत दीड फूट अंतर हवं. रोपं संध्याकाळी लावली तर माना टाकत नाहीत.
- वाटाणा : रात्री गार व्हायला लागल्यावर. थंडी असेल तिथं शेंग भरते. गोव्यात त्याच्या मागे लागण्यापेक्षा भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर अळसांदे टाकलेले बरे. तांबडी भाजीही तिथं छान येते.
- लसूण : ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. बाहेरच्या मोठ्या पाकळ्या टोक वर करून लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो.
- कांदा : साठवायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत रोप लावून एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळीच. पावसाळी लाल कांदा टिकत नाही.

मावा आणि अळी

ढगाळ हवा झाली की कोबी, मोहरी, वालावर मावा बसतो. थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेच जातो. जास्त असेल तर निंबोळीची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण विरघळवा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला मारा. कोबीच्या कडेने मोहरीची ओळ लावली तर अळी आधी मोहरीवर जाते.

ग्वाल्हेरकडच्या वाचकांसाठी : दहिवर

बेळगावात थंडीने पीक जळत नाही. ग्वाल्हेरला जळतं. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि पारा चार अंशांच्या आसपास अशी रात्र आली की पहाटे पानांवर दहिवर धरतं. हिंदीत त्याला ‘पाला’ म्हणतात. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा दोन दिवसांत काळे पडतात. मेथी, पालक, कोबी, गाजर बऱ्यापैकी तग धरतात.

अशी रात्र दिसली की संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. रोपांवर गोणपाट किंवा जुनं लुगडं काठ्यांच्या आधाराने टाका, पण पानांना टेकू देऊ नका. सकाळी ऊन आलं की काढा.

वाळवण

वाळवणात उन्हाइतकंच वाऱ्याला महत्त्व आहे.

मेथी धुऊन, निथळून, पानं खुडून सावलीत वाळवा, उन्हात रंग आणि वास दोन्ही जातात. मिरची मात्र कडक उन्हातच. रोज संध्याकाळी आत घ्या, नाहीतर रात्रीचं दव पुन्हा शोषलं जातं. गवार आणि वांग्याच्या फोडी मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढून वाळवल्या तर काळ्या पडत नाहीत. सांडगी मिरची मीठ घातलेल्या ताकात रात्रभर मुरवायची, दिवसा ताकातून काढून उन्हात टाकायची, रात्री परत ताकात. ताक संपेपर्यंत हे चालू.

वाळलं की नाही हे हाताने कळतं. मिरची हलवली की आतलं बी खुळखुळतं. मेथी चुरडली की चुरा होते. फोड वाकली तर ओली आहे, तुटली तर झाली. बरणीत भरल्यावर आठवडाभर रोज बघा. आतून काचेला दमटपणा दिसला तर लगेच बाहेर काढून पुन्हा ऊन द्या.

कांदा-लसूण

कांदा काढल्यावर पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवा, मग दहा-बारा दिवस सावलीत. पात कापताना मान इंचभर ठेवा, अगदी बुडाशी कापली की तिथून सड लागते. लसणाच्या जुड्या बांधून हवेशीर जागी टांगा. बटाटा अंधारात ठेवा. हिरवा पडलेला, कोंब आलेला बटाटा खाऊ नका. कांदा आणि बटाटा एका टोपलीत ठेवले तर दोन्ही लवकर खराब होतात.

बेळगावच्या पश्चिम भागातली रताळी न धुता, सावलीत सुकवून ठेवा. फ्रीजमध्ये ठेवली तर आतून कडक होतात.

मीठ, तेल, साखर

लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणावर. वरचं तेल हवा अडवतं. कैरीच्या वर्षभराच्या लोणच्याला १ किलो फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ लागतं. तब्येतीसाठी मीठ कमी करायचं असेल तर लोणचं कमी खा. बरणीत मीठ कमी घातलं तर ते वर्ष काढणार नाही. गाजर-फ्लॉवर-वाटाण्याचं लोणचं थोडंच करा, लिंबू भरपूर पिळा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. मोरावळ्याला आवळ्याच्या वजनाइतकी तरी साखर हवी आणि पाक घट्ट हवा.

इथं चूक नको

दोन गोष्टी अशा आहेत की जिथं ‘आमच्याकडे आजवर काही झालं नाही’ हे उत्तर चालत नाही.

पहिली, बुरशी. ओलसर राहिलेल्या मिरच्या, शेंगदाणे, मका यांवर येणाऱ्या काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर घाला घालतं आणि भाजून किंवा तळून जात नाही. शेंगदाण्यावरची बुरशी पुसून कूट करणं, मिरच्या झटकून तिखट दळणं थांबवा. पाटीभर माल टाकताना जीव तुटतो, तरीही टाका.

दुसरी, बंद बाटलीतली भाजी. व्हिडिओ बघून वाटाणे, मक्याचे दाणे उकळून बाटलीत गच्च बंद करायची आणि तेलात बुडवलेला सोललेला लसूण कपाटात ठेवायची टूम निघाली आहे. मातीतून येणारे बोटुलिझमचे जंतू हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या जागेत वाढतात. त्यांचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, आणि भाजीला वास किंवा चव बिघडल्याची खूण दिसेलच असं नाही. या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडून माणूस दगावू शकतो. तेव्हा वाटाणा दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडा करून फ्रीझरमध्येच. लसूण तेलात केला तर फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. टोमॅटोचा गरही फ्रीझरमध्ये. तुमच्याकडे वीज तासन् तास जात असेल तर फ्रीझरच्या भरवशावर राहू नका, वाळवणच करा.

साठवणीचं काही खाल्ल्यावर दुहेरी दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळायला त्रास, पापण्या मिटणं असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि काय खाल्लं ते सांगा.

बियाणं

प्रत्येक वाफ्यातलं एक-दोन सगळ्यांत चांगलं झाड बियाण्याला ठेवा. वाल, वाटाणा, अळसांदे, मेथी, टोमॅटो यांचं बी घरी धरणं सोपं. मुळा, भोपळा, काकडी यांचा शेजारच्या जातीशी सहज संकर होतो. पाकिटातल्या हायब्रीडचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच फळ येईल याची खात्री नाही. बी कडक वाळवा, राखेत घोळवा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वर नाव आणि साल लिहा. खाण्याच्या डाळी-कडधान्यांना वडोदऱ्याकडे एरंडेल चोळतात, किलोला चमचाभर पुरतं. भुंगा लागत नाही.

गावरान वांगं, घरची मिरची, आजोळचा वाल यांचं बी बहुतेक वेळा दुकानात मिळत नाही. एका घरात संपलं की गावात कुणाकडे तरी असतं, तिथंही संपलं की मग नाही. म्हणून या हंगामात बी धराल तेव्हा मूठभर शेजारी आणि मूठभर माहेरी द्या. तुमचा वाफा कधी फसला तर ते परत मागता येईल.