काळा आजार : लिपोसोम उपचार

लिशमॅनिया डोनोव्हानी या परजीवीमुळे होणारा व वाळूमाशीमार्फत पसरणारा काळा आजार उपचारांअभावी बहुधा प्राणघातक ठरतो. परजीवी प्लीहा, यकृत व अस्थिमज्जेतील महाभक्षी पेशींत दडून वाढतो. अँफोटेरिसीन-बी त्याला मारते. पण साध्या स्वरूपात ते मूत्रपिंडांना अपाय करते आणि सुमारे १५ वेळा शिरेतून द्यावे लागते. तेच औषध १०० नॅनोमीटरपेक्षा लहान मेदकणांत, म्हणजे लिपोसोमांत, भरले की महाभक्षी पेशी ते कण गिळतात. औषध परजीवीच्या आश्रयस्थानीच पोचते व मूत्रपिंडांची हानी घटते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बिहारमधील चाचणीत किलोमागे १० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने सुमारे ९६ टक्के रुग्ण बरे झाले.

किंमत व साठवणीतील तापमानमर्यादा हे आक्षेप रास्तच आहेत. मात्र जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मिळालेल्या देणगीने पहिला सौम्य झाला. शिवाय रुग्णालयातील मुक्काम व बुडणारी मजुरी हिशेबात धरली पाहिजे. पूर्व आफ्रिकेत या मात्रेचा गुण कमी येतो आणि भारतातील रोगघटीत कीटकनाशक फवारणीचाही वाटा आहे. तरीही जुने, परिचित औषध अचूक ठिकाणी पोचवणे हा गरिबांच्या दुर्लक्षित रोगांवरील संशोधनाचा सर्वांत आश्वासक मार्ग ठरतो.