कुठवर आलं?

भट्टी अडली की बाबा ‘काय झालं?’ असं विचारत नसत. फोनवर शिफ्टच्या माणसाला त्यांचा एकच प्रश्न असायचा, छत्तीसगढीत: ‘कहाँ तक आइस?’ भिलाईची पहिली लोहभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली आणि पुढे काही वर्षांनी बाबा भंडाऱ्याहून इथे नोकरीला आले. थंड भट्टी बटण दाबून पेटत नाही. ती वाळवायची, कोक भरायचा, मग गरम हवेचा झोत सोडायचा. कुठल्या पायरीवर अडलं ते कळलं, की निम्मं काम झालं, असं ते म्हणत.

मी भट्टीवर गेलो नाही, कॉम्प्युटर शिकवायला लागलो. पण तो प्रश्न माझ्याही गळ्यात पडला.

२००१च्या सुमारास लॅबमधल्या बावीस मशिनींवर लिनक्स चढवायचं होतं. एकीवर नीट बसवलं आणि तिची डिस्क जशीच्या तशी बाकीच्या डिस्कांवर उतरवली. हाच माझा पहिला ‘इन्स्टॉलर’. निम्म्या मशिनी चालू झाल्या. उरलेल्यांच्या काळ्या पडद्यावर दोनच अक्षरं: ‘एल’, ‘आय’. पुढे काही नाही.

ती अक्षरं म्हणजे निरोप होता. वर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२मध्ये लिहिलेला, लिनक्सला मेमरीत आणणारा ‘लिलो’ हा लोडर आपलं नाव एकेक अक्षर करत छापायचा. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत, त्यातही पार्टिशनचा तक्ता सोडून, सविस्तर तक्रार लिहायला जागा कुठली? म्हणून प्रत्येक पायरीला एक अक्षर. ‘एल’ म्हणजे पहिला टप्पा उठला. ‘एलआय’ म्हणजे दुसरा टप्पा आणला, पण चालवता आला नाही. चारही अक्षरं आली तर लिलो बिनघोर. आमच्याकडे अर्ध्या मशिनींच्या बायोसमध्ये डिस्क ‘एलबीए’वर होती, अर्ध्यांत ‘नॉर्मल’वर. डिस्क तीच, पण मोजायची रीत वेगळी. त्यामुळे लिलो भलत्याच जागेवरून वाचत होता. सेटिंग बदललं, लिलो पुन्हा बसवला, संध्याकाळपर्यंत बावीसही मशिनी उठल्या.

मग सीडी आली. सीडीवरून मशीन उठवण्याची ‘एल टोरिटो’ नावाची रीत फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५मध्ये ठरवली होती. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांची ‘नॉपिक्स’ २००० सालची. डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालायची. तिच्यात फेरफार करून आपल्या लॅबची सीडी करायची हौस मला लागली. सुपेल्याच्या बाजारातून कोऱ्या सीड्या आणायच्या आणि जाळायच्या. पहिलीवर फायली सगळ्या होत्या, पण ती बूट करायची आहे ही नोंदच करायला विसरलो होतो; बायोस तिच्याकडे न बघता पुढे गेला. दुसरी उठली, कर्नल धडाधड बोलला आणि शेवटी पॅनिक: रूट माउंट होत नाही. नवा कर्नल मी घातला होता. सीडीचा ड्रायव्हर मात्र आधी मेमरीत येणाऱ्या छोट्या ‘इनिटआरडी’त घातलाच नव्हता. ड्रायव्हर सीडीवर आणि सीडी ड्रायव्हरशिवाय दिसेना. किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घ्यावं, तसं.

२००७मध्ये सी-डॅकचं डेबियनवर बेतलेलं ‘बॉस’ लिनक्स आलं. त्याच सुमारास बऱ्याच वितरणांत जुन्या आयडीई डिस्कांची नावं ‘एचडीए’ची ‘एसडीए’ झाली. माझ्या इन्स्टॉलरमध्ये जुनं नाव ठोकून बसवलेलं; कर्नल नसलेल्या दारावर थापा मारत राहिला. तेव्हापासून डिस्क नावाने नाही, तिच्या यूयूआयडीने, म्हणजे ओळखक्रमांकाने, ओळखायची सवय लागली. २०१२च्या विंडोज ८ सोबत आलेल्या मशिनींत सिक्युअर बूट सुरू असायचं. लोडरवर मान्य सही नसेल तर माझा पेन ड्राइव्ह दारातूनच परत.

पण मला खरा त्रास दिला तो या कशाने नाही, लोगोने. लिलो अडाणी होता, पण अडला तिथे बोलायचा. आता बूटच्या ओळीत ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ असे दोन शब्द असतात. त्यांच्यामुळे मागची सगळी बडबड झाकली जाते आणि देखणं चित्र गोल गोल फिरत राहतं. अडलं तरी फिरतंच. पोरं येऊन सांगतात, ‘सर, लोगोपर आके रुक गया.’ लोगो ही पायरी नाही. पायऱ्या त्याच्या मागे आहेत.

म्हणून माझ्या पेन ड्राइव्हवर ते दोन शब्द मी पहिल्यांदा खोडतो. पांढऱ्या ओळी सरसर वर जातात. पोरांना ते जुनाट वाटतं. वाटू दे. शेवटची ओळ वाचता येते.