पसंती आणि लिपी : वेब ब्राउझरच्या निवडीचा एक इतिहास

वेब ब्राउझर म्हणजे दूरच्या संगणकावरील पान मागवून त्याची मांडणी वाचकाच्या पडद्यावर करणारी आज्ञावली. ती कोणती वापरावी ही वरकरणी ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे. परंतु गेल्या तीन दशकांचा इतिहास पाहिला, तर यंत्राबरोबर आधीच काय बसवून येते, जोडणीला किती भार पेलतो आणि वाचकाची लिपी त्या आज्ञावलीला नीट उमटवता येते की नाही, या गोष्टींनीच ही आवड बहुतांशी घडवली असे दिसते. यांपैकी लिपीच्या प्रश्नाला ब्राउझरच्या रूढ इतिहासात जवळजवळ स्थान मिळालेले नाही, आणि मराठी वाचकाच्या निवडीत तर तोच दीर्घकाळ निर्णायक होता.

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत 1990 मध्ये लिहिला. तो केवळ वाचण्याचे नव्हे, तर पाने लिहिण्याचेही साधन होता. हा दुहेरी हेतू पुढच्या लोकप्रिय ब्राउझरांत मागे पडला. 1993 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना यांनी घडवलेल्या मोझेकने मजकुराच्या ओळीतच चित्रे दाखवली आणि वेब सामान्य वाचकाच्या आवाक्यात आणले. त्यातूनच स्फूर्ती घेऊन 1994 च्या अखेरीस नेटस्केप नॅव्हिगेटर आला, तर मोझेकच्याच परवान्यावर उभारलेला मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर 1995 मध्ये आला. तो विंडोज या कार्यप्रणालीबरोबर विनामूल्य मिळू लागल्यावर नेटस्केपची बाजारपेठ झपाट्याने आटली. या जोडविक्रीविरुद्ध अमेरिकी सरकारने मे 1998 मध्ये खटला दाखल केला खरा, पण न्यायालयीन प्रक्रिया संपेपर्यंत स्पर्धेचा निकाल लागून गेला होता.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू केली. त्या काळातील स्वस्त खात्यांवर केवळ मजकूर दिसे, आणि तेथे कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला लिंक्स हा चित्रविरहित ब्राउझर उपयोगी पडे. पुढे सायबर कॅफे शहरांत आणि मग तालुक्याच्या गावांत पसरले, तेव्हा तेथील संगणकांवर विंडोज असे आणि विंडोजसोबत इंटरनेट एक्सप्लोरर. तासाचे पैसे मोजून बसलेल्या माणसाने दुसरा ब्राउझर उतरवून घेण्यात वेळ घालवावा ही अपेक्षाच अवाजवी होती.

मराठी वाचकाला मात्र या सोयीपलीकडचे आणखी एक कारण बांधून ठेवत होते. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते आणि त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी इस्की हा राष्ट्रीय मानक संकेतही प्रसिद्ध झाला होता, तरी प्रत्यक्ष छपाईच्या व्यवहारात प्रत्येक फॉन्ट आपापल्या पद्धतीने चाले. शिवाजी किंवा किरण यांसारख्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे आकार बसवलेले असत. फॉन्ट संगणकावर असला तर मराठी दिसे, नसला तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसे. वर्तमानपत्रांनी संकेतस्थळे काढली तेव्हा यावर डायनॅमिक फॉन्टचा, म्हणजे पानाबरोबरच फॉन्टही वाचकाकडे पाठवण्याचा, उपाय निघाला. तथापि या उपायाचीही दोन वेगळी तंत्रे होती : मायक्रोसॉफ्टचे तंत्र इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले, बिटस्ट्रीम कंपनीचे नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत; आणि 2000 मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत नेटस्केपने आपल्याकडील तंत्राचा आधार काढूनच टाकला. परिणामी, ज्या वर्षांत नेटस्केपच्या खुल्या केलेल्या आज्ञासंहितेतून मोझिला प्रकल्प आकाराला येत होता आणि जाणकार वापरकर्ते तिकडे वळत होते, त्याच वर्षांत मराठी बातम्या वाचू इच्छिणारा माणूस इंटरनेट एक्सप्लोररशी जखडला गेला. याला पसंती म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

ही कोंडी फुटायला युनिकोडचा प्रसार व्हावा लागला, आणि तो अनेकांना वाटतो त्याहून अवघड होता. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने व्यंजनामागून येते पण लिहिताना त्याच्या आधी काढली जाते, शिवाय जोडाक्षरांत व्यंजनांचे आकार बदलतात. त्यामुळे संकेतांची रांग जशीच्या तशी मांडून भागत नाही, तर अक्षरे जुळवणारी स्वतंत्र यंत्रणा लागते. विंडोज 2000 मध्ये मंगल या फॉन्टसह ही व्यवस्था आली, परंतु विंडोज एक्सपीवर ती बहुधा बंद असे आणि सुरू करण्यासाठी मूळ सीडी हाताशी लागे. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला तेव्हा अनेक संगणकांवर त्यातील वेलांट्या चुकीच्या जागी आणि जोडाक्षरे पाय मोडलेली दिसत.

9 नोव्हेंबर 2004 रोजी प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्सचा स्वीकार याच पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. एकाच खिडकीत अनेक पाने उघडणारे टॅब आणि कोणालाही लिहिता येतील अशा जोड-आज्ञावल्या ही त्याची वैशिष्ट्ये जगभर नावाजली गेली. त्याच्यासाठी लिहिलेली पद्म ही जोड-आज्ञावली जुन्या फॉन्टांतील भारतीय भाषांचा मजकूर वाचतावाचताच युनिकोडमध्ये बदलून देई, आणि एका ब्राउझरपुरत्या बांधलेल्या वर्तमानपत्रांची पाने तिच्यामुळे खुली झाली. असे असूनही दोन्ही कडांना समास साधलेला देवनागरी मजकूर फायरफॉक्समध्ये विस्कटत असे. हा दोष 2008 च्या तिसऱ्या आवृत्तीत दूर झाला. स्वयंसेवकांनी फायरफॉक्सचे आदेश आणि सूचना मराठीत आणल्या, हे काम मराठीच्या संगणकीय इतिहासात आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक आदराने नोंदले गेले पाहिजे.

मोबाइलवर हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने 2006 च्या आरंभी जगभर खुला केलेला ऑपेरा मिनी पान आधी स्वतःच्या संगणकांवर उघडून, त्याचा आकार कमी करून फोनकडे धाडी, त्यामुळे मंद आणि महाग जोडणीवर तो स्वस्त पडे. बहुतेक साध्या फोनांत मात्र देवनागरी फॉन्टच नव्हता. त्यावर ऑपेरा मिनीच्या आतील सेटिंगमध्ये जटिल लिप्यांसाठी अक्षरे चित्ररूपात मागवण्याची सोय होती. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे रोमन लिपीत लिहिले की ती दिसे, आणि एकदा सुरू केली की फोनाला ज्या लिपीचा गंधही नव्हता ती लिपी पडद्यावर शुद्ध उमटे. जोडणीचा खर्च वाचवण्यासाठी योजलेल्या रचनेने लिपीचाही प्रश्न सोडवला, हे या इतिहासातील सर्वांत उल्लेखनीय वळण मानावे लागेल. पुढे यूसी ब्राउझरने त्याची जागा घेतली आणि काही वर्षे भारतीय मोबाइलांवर तो आघाडीवर राहिला. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या 59 चिनी अ‍ॅपांत त्याचा समावेश होता.

गूगलचा क्रोम सप्टेंबर 2008 मध्ये आला आणि अँड्रॉइड फोनांवर आधीच बसवून मिळू लागला, म्हणजे नव्वदच्या दशकातील जोडविक्रीचाच प्रश्न नव्या यंत्रावर परत आला. युरोपात मायक्रोसॉफ्टला 2010 पासून विंडोज वापरणाऱ्यांपुढे ब्राउझर निवडण्याचा पडदा ठेवावा लागला होता आणि काही काळ तो न दाखवल्याबद्दल 2013 मध्ये 56.1 कोटी युरोंचा दंड झाला होता. भारतात स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी अँड्रॉइडसंबंधीच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा विचारात घेतलेल्या बाजारपेठांत मोबाइल ब्राउझरची बाजारपेठही होती. केंद्र सरकारने 2023 मध्ये देशी ब्राउझरसाठी स्पर्धाही जाहीर केली आणि 2025 मध्ये झोहो कंपनीला तिचे पहिले पारितोषिक मिळाले. या कंपनीचा उला हा ब्राउझर, मायक्रोसॉफ्टचा आजचा एज आणि ऑपेरा हे सर्व क्रोमच्याच खुल्या आज्ञासंहितेवर, म्हणजे क्रोमियमवर, उभे आहेत. त्यामुळे वेगळ्या नावाचा ब्राउझर निवडणाऱ्या मराठी वाचकापुढेही देवनागरी अक्षरे बहुधा त्याच एका यंत्रणेने जुळवलेली असतात.