फुटलेली गाठ, वाचलेला पाय : सार्कोमाचा इतिहास वाचताना

पीएचडीच्या मुलाखतीत 'तुमचा रिसर्च क्वेश्चन काय?' असं विचारलं की बरेच जण विषय सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. दोन्हींतला फरक दाखवायला आज वैद्यकाच्या इतिहासातलं एक उदाहरण घेऊया.

विषय असा : मऊ ऊतींचा सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी अशा भागांत होणारा कॅन्सर. मांडीत किंवा दंडात गाठ येते, बहुतेकदा दुखत नाही. काही रुग्णांत ती वाढत वाढत कातडी फोडून बाहेर येते. मग जखम वाहते, रक्त येतं, वास सुटतो. अशा रुग्णाचं ऑपरेशन कसं करायचं आणि पुढे त्याचं काय होतं?

आता प्रश्न : ही जखम रोगाच्या आक्रमकपणाची खूण आहे, की रुग्णाला झालेल्या उशिराची?

आधी एक सावधगिरी. सुश्रुतसंहितेत 'मांसार्बुद' येतं आणि ते असाध्य म्हटलंय. लगेच 'आपल्याकडे सार्कोमा तेव्हापासून माहीत होता' असं लिहू नका. सार्कोमा ही ओळख आज सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघून ठरते. मांसार्बुद हाताने चाचपून आणि डोळ्यांनी बघून ठरत होतं. दोन्ही नावांखाली नेमके तेच रुग्ण येत असतील असं गृहीत धरता येत नाही.

विसाव्या शतकात बराच काळ मोठ्या सार्कोमावर उत्तर एकच होतं : हात किंवा पाय काढणे. त्यामागे कारण होतं. गाठीभोवती कवचासारखा थर दिसतो, पण तो खरं कवच नसतो. पेशी त्याच्या पलीकडे गेलेल्या असतात. गाठ नुसती सोलून काढली तर ती पुन्हा येते. मुंबईत परळला 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा जगभरचं सर्जरीचं ज्ञान या टप्प्यावर होतं.

बदल घडवणारा अभ्यास अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा. 1975 ते 1981 या काळात हातापायांच्या हाय-ग्रेड सार्कोमाचे 43 रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. 16 जणांचा अवयव काढला. 27 जणांचा अवयव वाचवून गाठ काढली आणि रेडिएशन दिलं. पाच वर्षांनी जगण्याचं प्रमाण अनुक्रमे 88 आणि 83 टक्के होतं; हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरण्याइतका नव्हता. गाठ त्याच जागी परत आली ती मात्र अवयव वाचवलेल्या चौघांत. 1982 साली हे छापून आलं आणि पाय वाचवणं हा हळूहळू नियम बनला.

फक्त 43 रुग्ण! असा पेपर वाचताना पहिला प्रश्न हा विचारा : यात कोण आहे आणि कोण नाही? फुटलेल्या गाठीचा रुग्ण वेगळा असतो. जखमेत जंतुसंसर्ग असतो, भोवतालची कातडीही काढावी लागते, ती जागा झाकायला दुसरीकडून मांस-कातडीचा फ्लॅप आणावा लागतो, आणि जखम भरेपर्यंत रेडिएशन लांबू शकतं. पुढे काही केंद्रांनी अशा रुग्णांच्या नोंदी वेगळ्या काढून तपासल्या. त्या मालिका लहान आहेत, पण दोन गोष्टी दिसतात. अशा गाठी बहुधा मोठ्या आणि हाय-ग्रेड असतात. आणि जखम आहे एवढ्यावरून पाय काढायलाच हवा, असं नाही.

मग उशिराचं काय? नागोठण्याचं उदाहरण घ्या. अंबा नदीकाठचं, मुंबई-गोवा हायवेवरचं गाव. परळ तिथून शंभरेक किलोमीटर. समजा, तिथल्या एकाच्या मांडीत गाठ आली. दुखत नाही म्हणून भातलावणी उरकेपर्यंत थांबला. 'सुई लावली की पसरतं' असं कुणी सांगितलं म्हणून बायॉप्सी टळली. किंवा चरबीची गाठ समजून ती जवळच कुठेतरी काढली गेली आणि वर्षभरात त्याच टाक्यांतून वर आली. किंवा यातलं काहीच झालं नाही, गाठच झपाट्याने वाढली. तिन्ही वाटांनी आलेल्या माणसाच्या केसपेपरवर शब्द एकच : 'अल्सरेटेड'.

तुम्ही फक्त तो शब्द मोजलात, तर रोगाचा स्वभाव, आधीचं अर्धवट ऑपरेशन आणि प्रवासाचं अंतर हे सगळं एकाच रकान्यात मिसळून जाईल. म्हणून लक्षण दिसल्याची तारीख, पहिल्या डॉक्टरची तारीख आणि आधीचं ऑपरेशन यांचे रकाने वेगळे ठेवा. फॉलोअपही तपासा. लांबचा रुग्ण परत आला नाही, म्हणजे तो बरा झाला असं नसतं. त्याला गाळून काढलेले टक्के फसवे असू शकतात.

नागोठण्याच्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक आहे. अंतर कमी झाल्यावर रायगडचे रुग्ण गाठ फुटण्याआधी येऊ लागले का? हा झाला रिसर्च क्वेश्चन. याचं उत्तर 'हो' येऊ शकतं, 'नाही'ही येऊ शकतं. 'नाही' आलं, तर अडचण रस्त्याची नव्हती, आणि ती कुठे आहे हे गावातच जाऊन शोधावं लागेल.

तुमच्या विषयातला असाच एक शब्द निवडा, ज्यात दोन-तीन कारणं लपलेली आहेत. प्रपोजल तिथून लिहायला घ्या.