मतदारयादीतील बाईचे नाव

मतदान केंद्रावर पाऊल टाकताच पहिला प्रश्न होतो तो नावाचा. प्रश्न साधा दिसतो. पण त्याचा इतिहास लांबचा आहे, आणि तो बराचसा आम्हां स्त्रियांचा आहे. ओळख पटवण्याचे नियम बदलले की मतदाराची वागणूक आणि मनोवृत्ती कशी बदलते, याचा हल्ली पुष्कळ अभ्यास होतो. त्याची जुनी बाजू सातारा-सांगलीकडच्या भगिनींपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

मुंबई इलाख्यात स्त्रियांना कायदेमंडळासाठी मताचा अधिकार १९२१ साली मिळाला. मिळाला म्हणजे काय, तर जिच्या नावावर मिळकत असेल तिला. आता आपल्याकडे त्या काळी किती बायकांच्या नावावर सातबारा असे, हे सांगायला नकोच! पुढे १९३५ च्या कायद्याने दार थोडे रुंद केले. नवऱ्याच्या पात्रतेवर बायकोला मत. निवृत्तिवेतन घेणाऱ्या शिपायाच्या विधवेला किंवा आईलाही मत. सातारा जिल्हा शिपाईगड्यांचा. येथील अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. म्हणजे साक्षर बाईची गोष्ट सोडली, तर सरकारने बाईला यादीत घेतले ते बहुधा कोणाची तरी पत्नी, विधवा वा माता म्हणून. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढची गंमत यातच आहे.

याच सुमारास औंध संस्थानात निराळाच प्रयोग झाला. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर त्या संस्थानातील आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात. १९३९ साली राजेसाहेबांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि गांधीजींच्या सल्ल्याने मतदाराला साक्षरतेची अट घातली. मत हा मान आहे, त्याला काही पात्रता हवी. शिवाय मतासाठी का होईना, लोक लिहा-वाचायला शिकतील, असे गांधीजींचे म्हणणे. त्याच घटनेत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले होते. हेतू थोर होता यात शंका नाही. तरी वाटते की, ज्या घरात मुलगा शाळेत आणि मुलगी गोठ्यात, तेथे ही अट बाईलाच अधिक जड गेली असणार.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला. त्यालाच १९६० पासून आपण सांगली म्हणतो. राज्ये आणि जिल्हे असे हलत असतानाच देशभर प्रौढ मतदारांच्या याद्या लिहिल्या जात होत्या. मिळकत नको, अक्षरे नकोत; फक्त नाव सांगा!

आणि तेथेच घोडे अडले. उत्तरेत लाखो बायांनी नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच लिहून घ्या, म्हणाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी मात्र ठाम भूमिका घेतली, की अशी नोंद चालणार नाही. सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे त्यामुळे गळाली. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेशातील बाया त्यात अधिक. कालपर्यंत सरकारच बाईला नात्याने ओळखत होते. तिने तीच भाषा बोलली तर मत गेले! तरीही सेन यांचे मला पटते. नात्याच्या नावावर मत कोणीही टाकून जाईल, आणि ती बाई कायमची कोणाची तरी कोणी राहील. बिहारमध्ये महिनाभर मुदत वाढवून दिली, तेव्हा पुष्कळ बायांनी नावे दिली. राजस्थानात तशीच संधी फारशी फळली नाही. नियम तोच, मुदतही मिळाली. पण घराघरातले मन निराळे होते.

आपल्याकडे अडचण वेगळी. आपली बाई स्वतःचे नाव सांगेल, पण नवऱ्याचे नाव तोंडाने कसे घ्यावे? त्यासाठी उखाणा. यादीत तर तेच नाव मधोमध! शिवाय माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, आणि हाक मारायची ती आक्का किंवा वैनी.

१९६२ साली लोकसभेला पुरुषांनी सुमारे ६३ टक्के मतदान केले, स्त्रियांनी ४७. २०१९ मध्ये स्त्रियाच किंचित पुढे गेल्या, ६७.१८ विरुद्ध ६७.०१. मध्यंतरी १९९३ साली शेषन यांनी छायाचित्राचे ओळखपत्र आणले. श्रेय सारे त्या पत्राला देणे मात्र चुकीचे, शाळा, एस.टी., पंचायतीतील राखीव जागा यांचाही त्यात वाटा आहे. ज्या बाईजवळ दुसरा कागदच नव्हता, तिला स्वतःचे नाव व फोटो असलेले पत्र मिळाले, ही गोष्ट मात्र लहान नव्हे.

ओळखपत्र नसले तरी मत बुडत नाही. यादीत नाव असले म्हणजे आधार, फोटो असलेले बँकेचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड असा आयोगाने मान्य केलेला एखादा पुरावा चालतो. नावातील किरकोळ शुद्धलेखनाचा फरकही, ओळख पटत असेल तर, आड येत नाही. कोणा उमेदवाराच्या प्रतिनिधीने ‘ही ती बाई नव्हे’ अशी हरकत घेतली, तर त्यालाच आधी दोन रुपये भरावे लागतात. लग्न होऊन गेलेल्या लेकीचे नाव माहेरच्या यादीतून सासरी न्यायला किंवा बदललेले नाव दुरुस्त करायला नमुना ८ भरावा लागतो. नावे पाहायची ती निवडणूक जाहीर होण्याआधी. मतदानाच्या दिवशी यादीत नाव घालून मिळत नाही.