विषाची अदलाबदल

विमानाच्या भागावर तेलाचा पुसट थर राहिला तरी रंग धरत नाही, चिकटवलेला सांधा टिकत नाही. म्हणून अमेरिकेतील विमान-कारखान्यांत ट्रायक्लोरोएथिलीन टाकीत उकळीत. थंड भागावर त्याची वाफ निवे आणि तेल घेऊन खाली ठिबके. काम चोख होई, पण टाकीवर वाकलेल्या कामगाराला घेरी येई. तेव्हा कमी विषारी म्हणून मिथिल क्लोरोफॉर्म आले. ते आकाशातील ओझोनचे कवच पोखरते असे ठरले. १९८७ च्या माँट्रियल करारात १९९० साली त्याचे नाव चढले, आणि प्रगत देशांत १९९६ पासून त्याचे सर्वसाधारण उत्पादन थांबले. मग काहींनी प्रोपिल ब्रोमाइड घेतले; त्याने कामगारांचे मज्जातंतू दुखावले. २०१२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मूळचे ट्रायक्लोरोएथिलीनही कर्करोगकारक ठरवले.

अनेक कामांना खरा पर्याय निघाला तो साधा: क्षार घातलेले गरम पाणी, फवारा आणि नीट वाळवण. त्याला वेळ व जागा जास्त लागते, एवढेच. नवे द्रव्य कारखान्यात आले की मालक विचारतो, तेल निघते का? ते हुंगणार कोण, हे संघटनेने विचारायचे, आणि तेही टाकी भरण्यापूर्वी.