सुट्या भागांची सायकल

मुंबईत वरळीला ‘हिंद सायकल’च्या नावाचा रस्ता आजही आहे, कारखाना मात्र गेला. स्वातंत्र्याच्या आधीपासून देशात सायकल बनवणारे जे मोजके कारखाने होते, त्यांतला हा एक. १९८० मध्ये संसदेनं कायदा करून आसनसोलच्या सेन-रॅलेबरोबर त्याचंही राष्ट्रीयीकरण केलं. तोवर धंदा कधीच दुसरीकडे सरकला होता. मद्रासची टीआय सायकल्स १९४९ ची, सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. अंधेरी-घाटकोपरच्या दुकानांत या लांबच्या गावांचा माल येऊ लागला, आणि तो येई सुट्या भागांत.

त्यामागे भाड्याचा साधा हिशेब होता. जोडलेल्या सायकली ट्रकमध्ये भरल्या तर मालापेक्षा मोकळी जागाच जास्त वाहून न्यावी लागते. म्हणून फ्रेमी वेगळ्या, रिमांची चळत वेगळी, आणि तारा, हब, छर्रे, पेडल आपापल्या खोक्यांत. दुकानातला मिस्त्री चाक गुंफण्यापासून सुरुवात करी. हबमध्ये तारा ओवायच्या, निपल आवळायची, मग चाक चिमट्यात अडकवून फिरवत फिरवत त्याची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायची. हबमधले छर्रे दाबणारा कोन इतकाच आवळायचा की चाक डुलू नये आणि अडूही नये. हे माप कुठल्याही पुस्तकात नव्हतं, मिस्त्रीच्या बोटांत होतं. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून घंटी, कॅरिअर, सीटचं कव्हर निवडत बसे. घरी सायकल जोडायचा विचार कोणाच्या मनातही येत नसे.

याच काळात उपनगरं मुंबईत आली. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द अंधेरी-घाटकोपरच्या पुढे सरकली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. मुलुंडचा तर नकाशाच सायकलस्वारांना सोयीचा. १९२२ मध्ये क्राऊन आणि कार्टर या वास्तुरचनाकारांनी स्टेशनपासून आजच्या पाच रस्त्यापर्यंत काटकोनात रस्ते आखले होते. सरळ रस्ता, मोजकी रहदारी. सायकल शिकणाऱ्याला आणखी काय हवं?

मुलाच्या मापाची सायकल मात्र क्वचितच मिळे. स्वतःची सायकल असणं ही बड्या घरची गोष्ट. बाकीची पोरं मे महिन्याच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्यानं सायकल घेत. वहीत नाव, पत्ता आणि वेळ लिहिली जाई. ओळखीचा चेहरा हीच अनामत. छोट्या सायकली एक-दोनच असत आणि त्या आधीच गेलेल्या असत. मग मोठ्या माणसाची सायकल घ्यायची, नळीखालून उजवा पाय पलीकडच्या पेडलवर टाकायचा आणि वाकडं होऊन अर्धे पेडल मारत निघायचं. दुकानदार सीट अगदी खाली करून देई, पण उपयोग नसे, कारण पोरगं सीटवर बसतच नसे.

पुढे बीएसए चॅम्पसारख्या मुलांच्या सायकली आल्या. १२, १४, १६, २० इंच ही मापं घरोघरी माहीत झाली. ती चाकाची असतात, मुलाच्या उंचीची नव्हे, हे आजही अनेक पालकांना सांगावं लागतं. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा तशी सायकलही एक माप मोठी घेण्याची हौस काही जात नाही. लहान मुलांच्या सायकलींसाठी आयएसओ ८०९८ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात सीटची कमाल उंची ४३५ मिलिमीटरपेक्षा जास्त आणि ६३५ पेक्षा कमी अशी धरली आहे. नवशिक्या मुलाचे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, ही मिस्त्रीची जुनी कसोटी या आकड्यांपेक्षा सोपी आणि तितकीच खरी.

मग सायकल ऑनलाइन मिळू लागली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात संपली आणि मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा ओसरल्या. भिवंडीच्या गोदामांतून निघालेलं पुठ्ठ्याचं खोकं आता थेट सातव्या मजल्यावर पोचतं. जाहिरातीत सायकल ‘८५ टक्के जोडलेली’ असते. उरलेले १५ टक्के म्हणजे हँडल, पुढचं चाक, पेडल, ब्रेक आणि सीट. मूल पडेल की नाही, हे नेमकं यांवरच ठरतं!

चुका ठरलेल्या आहेत. खोक्यात बसावा म्हणून चिमटा मागे फिरवलेला असतो आणि बाबा तो तसाच ठेवून हँडल आवळतात. पुढचा ब्रेक मागच्या बाजूला दिसला की ओळखावं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाय मारता मारता पेडल आपोआप सुटू नये म्हणून ही योजना आहे, आणि १९०० मध्ये अमेरिकेतल्या राइट बंधूंच्या सायकल दुकानानं तिची जाहिरातही केली होती. त्यांचं विमान त्यानंतर तीन वर्षांनी उडालं. उलटे आटे ठाऊक नसलेला माणूस जोर लावतो आणि क्रँकचे आटे खरवडतो. सीटच्या दांड्यावरची कमाल उंचीची रेघ फ्रेमच्या आतच राहायला हवी. आधाराची छोटी चाकं तर बहुतेक जण दोन्ही बाजूंना जमिनीला घट्ट टेकवतात. ती किंचित अधांतरी हवीत, नाहीतर खड्ड्यात मागचं चाक उचललं जाऊन जागीच फिरतं आणि मुलाला तोल सावरायची सवयही लागत नाही.

पाना घेऊन बसलेल्या बाबांना शेवटी कोपऱ्यावरचा मिस्त्री आठवतो. भाड्याच्या सायकली त्यानं कधीच मोडीत काढल्या. आता तो पंक्चर काढतो आणि अशा खोक्यांतल्या सायकली सरळ करून देतो. पैसे घेताना महिन्याभरानं सायकल परत आणायलाही बजावतो. नव्या चाकाच्या तारा वापरानं बसतात, थोड्या सैल पडतात, आणि आउट पुन्हा काढावी लागते.